नांवावांचून ओळख

मनुष्यानें आपलें नांव सांगितलें नाहीं म्हणजे तो अनोळखी राहिला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हें कोंकणच्या कोणत्याहि बंदरावर ध्यानांत येतें. रायगड जिल्ह्यांतील दिघी हें राजपुरीच्या खाडीवरील बंदर. एका बाजूस जंजिऱ्याचा किल्ला, आणि पलीकडच्या तीरावर आगरदांडा. अशा बंदरावरचा जाणता कोळी दुरून येणारी होडी कोणाची हें तिच्यावरील क्रमांक वाचण्यापूर्वींच सांगतो. नाळेचा उठाव, रंगाचा पट्टा, यंत्राचा आवाज, वळण घेण्याची ढब, यांपैकीं एकहि खूण केवळ त्या एकाच होडीची नसते. परंतु या साऱ्या खुणा एकत्र आल्या म्हणजे तसा मेळ दुसऱ्या होडीच्या ठिकाणीं सहसा सांपडत नाहीं.

संगणकावर अथवा मोबाईलवर आपण आंतरजाल पाहतों तेव्हां आपलीहि ओळख याच रीतीनें पटविली जाते. या युक्तीला ब्राउझर फिंगरप्रिंटिंग, म्हणजे ब्राउझरचा ठसा घेणें, असें नांव पडलें आहे. यंत्र नवें असलें तरी विद्या जुनी आहे. आणि तिच्या इतिहासांत तिचे धोकेहि दिसतात व त्यांवरील उपायाची दिशाहि दिसते.

अल्लाउद्दीन खिलजीनें (कारकीर्द १२९६ ते १३१६) फौजेंतील घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचा हुलिया लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबरानेंहि पुढें तीच पद्धत चालविली. हजेरीच्या दिवशीं एकाच्या जागीं दुसराच उभा राहूं नये, चांगल्या घोड्याऐवजीं मरतुकडें तट्टू पुढें येऊं नये, एवढाच तिचा हेतु. आपल्या भाषेंतील ‘चेहरेपट्टी’ हा शब्द याच दफ्तरी परंपरेंतला. गव्हाळ वर्ण, रुंद कपाळ, उजव्या गालावर तीळ, डाव्या हातावर जखमेचा वण: यांतील एकेक लक्षण शेंकडों माणसांत आढळेल, पण चारहि एकत्र असलेला मनुष्य विरळा. समुद्रावरहि हाच प्रकार होता. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज जहाजांना जे ‘कार्ताझ’ नांवाचे परवाने देत, त्यांत जहाजाचें नांव, नाखव्याचें नांव, आकार आणि शस्त्रें यांची नोंद असे. पुढें कान्होजी आंग्रे यांनींहि याच किनाऱ्यावर आपल्या दस्तकावांचून जाणाऱ्या जहाजांना अडविलें.

एकोणिसाव्या शतकांत या विद्येला शास्त्राचें रूप आलें. पॅरिसच्या पोलिसखात्यांतील आल्फोन्स बर्तियों यानें १८८० नंतरच्या दशकांत कैद्यांच्या शरीराचीं अकरा मापें घेण्याची पद्धत रूढ केली. उंची, डोक्याची लांबी, मधलें बोट, पाऊल असीं तीं मापें. त्यांतील एखादें दोघांचें जुळेल, पण अकराहि जुळणें कठीण, हा त्याचा हिशेब. इकडे बंगाल्यांत विल्यम हर्शेल यानें १८५८ सालीं एका कराराच्या कागदावर हाताचा ठसा घेतला होता. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांचें कार्यालय निघालें. एडवर्ड हेन्री यांच्या नांवानें जी वर्गीकरणपद्धति जगभर गेली, तिच्या घडणींत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वांटा होता.

या विद्येनें अपराधी सांपडले हें खरें. तथापि तिची दुसरी बाजू आपल्याच प्रांतांत पाहावयास मिळाली. १८७१ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ सालच्या नव्या कायद्यानें साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत लागूं करतां येऊं लागला. नोंदलेल्या जमातींतील कोणाहि व्यक्तीच्या बोटांचे ठसे वाटेल तेव्हां घेण्याचा अधिकार त्यांत होता. सोलापुरास अशा लोकांची मोठी वसाहत होती. लोक तिला ‘सेटलमेंट’ म्हणत. ज्यानें कसलाहि अपराध केला नाहीं अशा मनुष्याची केवळ जन्मामुळें नोंद व्हावी, आणि ती नोंद त्याच्या आधीं गांवोगांव पोंचलेली असावी, अशी ती स्थिति. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला; पण नोंदीनें लागलेला कलंक कायद्याबरोबर पुसला गेला नाहीं. एका हेतूनें घेतलेली खूण दुसऱ्या हेतूस वापरली जाते आणि ती मिटविणें खूण देणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं, हा या प्रकरणाचा मुख्य धडा होय.

आतां आपल्या काळाकडे येऊं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं देशांतील पहिलीं आधारपत्रें दिलीं गेलीं. तेथें मनुष्य यंत्रावर बोट ठेवतो, आपण कांहीं देत आहों हें त्याला ठाऊक असतें. त्याच २०१० सालीं पीटर एकर्स्ली या संशोधकानें आपल्या चांचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि बोट न ठेवतांहि ठसा उमटतो हें जगापुढें आलें. आपण एखादें संकेतस्थळ उघडलें कीं तें आपल्या ब्राउझरला प्रश्न विचारतें: तुझी आवृत्ति कोणती, पडदा केवढा, घड्याळ कोणत्या प्रदेशाचें, भाषा कोणती, टंक कोणकोणते? पान नीट दिसावें म्हणून ब्राउझर या प्रश्नांचीं निमूटपणें उत्तरें देतो. एकर्स्ली यांनीं ४,७०,१६१ ब्राउझर तपासले. त्यांपैकीं शेंकडा ८३.६ ब्राउझरांच्या उत्तरांचा मेळ एकमेवाद्वितीय निघाला. २०१२ सालीं मोवेरी आणि शाकॅम या दोघां संशोधकांनीं आणखी एक युक्ति दाखविली. पान आपल्या यंत्राकडून पडद्याआड कांहीं अक्षरें काढवून घेतें, आणि यंत्रायंत्रांत तीं अक्षरें किंचित् निराळीं उमटतात. तेवढा फरकहि ओळखीस पुरतो.

यांत आश्चर्य वाटावयास नको. हा साध्या गुणाकाराचा प्रश्न आहे. निम्म्या लोकांचें उत्तर ‘होय’ आणि निम्म्यांचें ‘नाहीं’ येईल असा एक प्रश्न विचारला कीं समुदाय अर्धा होतो. असे ३३ प्रश्न विचारले तर ८,५८,९९,३४,५९२ माणसांतून एक निवडतां येतो, आणि जगाची लोकसंख्या याहून कमी आहे. नांव विचारण्याची गरजच उरत नाहीं.

मग यांत आपलें बिघडतें काय? कोणी रात्रीं एकांतांत आपल्या दुखण्याविषयीं वाचतो, कोणी कर्जाची चौकशी करतो, एखादी सासुरवाशीण मारहाणीविरुद्ध कायदा काय सांगतो तें शोधते. यांपैकीं कोणीहि नांव दिलेलें नसतें. परंतु ठसा एकच असल्यामुळें हीं सारीं पावलें एका माळेंत ओंवलीं जातात. पुढें एके दिवशीं तीच व्यक्ति एखाद्या दुकानाच्या पानावर नांव आणि दूरध्वनिक्रमांक लिहिते, आणि त्या क्षणीं मागच्या साऱ्या माळेला नांव मिळूं शकतें. बँका याच ठशाच्या आधारें लबाडी पकडतात, हा त्याचा उपयोग नाकारतां येत नाहीं. पण जाहिरातदार आणि माहितीचे व्यापारी यांच्या हातीं तीच वस्तु पाळतीचें साधन होते.

आतां उपाय. कुकी नांवाच्या नोंदी पुसल्यानें ठसा पुसला जात नाहीं. कारण कुकी ही दुसऱ्यानें आपल्या खिशांत ठेवलेली चिठ्ठी आहे, आणि ठसा म्हणजे आपलाच चेहरा. खासगी खिडकी उघडल्यानें घरच्या यंत्रांत इतिहास राहत नाहीं इतकेंच; चेहरा बहुतेक तसाच राहतो. कित्येक लोक अनेक जोडण्या बसवून, सेटिंग बदलून विलक्षण वेषांतर करतात. भर बाजारांत बुरखा घालून फिरणाऱ्या पुरुषासारखी त्यांची गत होते. लपण्याच्या खटपटीनेंच ते उठून दिसतात. २०१८ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं एका सर्वसामान्य संकेतस्थळावरील वीस लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हां एकमेवाद्वितीय ठशांचें प्रमाण शेंकडा ३३.६ इतकेंच भरलें. त्यांतहि मोबाईलचे ठसे संगणकांहून कमी वेगळे निघाले. एकाच घडणीचीं यंत्रें पुष्कळ असलीं कीं तीं परस्परांना झांकतात, हें याचें एक कारण.

चांगलीं साधनें याच तत्त्वावर रचलेलीं आहेत. टॉर ब्राउझर सर्वांना होईल तितका सारखाच चेहरा देतो. त्याची खिडकी ताणून मोठी करूं नये असा सल्ला देतात तो याचसाठीं. ॲपलच्या सफारीनें २०१८ पासून यंत्राची त्रोटक आणि समान माहिती सांगण्याची रीत धरली. फायरफॉक्समध्यें ठसेविरोधी संरक्षण आहे. ब्रेव्ह हा ब्राउझर उलट मार्गानें उत्तरांत थोडी थोडी अदलाबदल करतो, म्हणजे आजचा ठसा उद्यां जुळत नाहीं. गृहस्थानें एवढें पाळावें: ब्राउझर अद्ययावत् ठेवावा, नको त्या जोडण्या काढाव्या, आणि नाजूक चौकशी करतांना आपल्या नांवाच्या खात्यांतून आधीं बाहेर पडावें.

तथापि एक अडचण उरते. परदेशांतील एखाद्या शहरांत राहणाऱ्या मराठी मनुष्यानें आपल्या ब्राउझरची भाषा मराठी ठेवली, तर तेवढ्यानेंच तो हजारोंतून निराळा पडतो. टॉर ब्राउझर तर इंग्रजी पानेंच मागवावीं काय असें विचारतो, कारण इंग्रजी मागणारे पुष्कळ. पाळत टळावी म्हणून मनुष्यानें आपली मातृभाषा लपवावी काय? माझ्या मतें हा भार त्याच्यावर टाकणें अन्यायाचें आहे. वेगळेपण हा अपराध नव्हे, आणि वेगळेपण टिपून ठेवणाऱ्यावर बंधन घालणें हें समाजाचें काम आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनें केला. संमति ही त्याची एक प्रमुख पायरी आहे. न विचारतां घेतलेल्या ठशाला संमति कोठून असणार, हा प्रश्न आपण ग्राहक म्हणून, पालक म्हणून आणि मतदार म्हणून विचारीत राहिलें पाहिजे. साधनें वापरावींत, परंतु सोलापूरच्या वसाहतीचें कुंपण कोणा एकाच्या वेषांतरानें पडलें नव्हतें, तें कायदा बदलल्यावर पडलें, हेंहि विसरूं नये.