पोर्ट ४४५

सप्टेंबर २०१६. मायक्रोसॉफ्टचे नेड पाइल जाहीर लिहितात: एसएमबी-१ वापरणं थांबवा. एका संगणकावरचं फोल्डर दुसऱ्यावर ड्राइव्ह म्हणून दाखवणारी ही पद्धत तेव्हा जवळपास तीस वर्षांची झालेली असते.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं छोटं कार्यालय डोळ्यांसमोर आणा. टॅलीचा डेटा एका संगणकावर, बाकीच्यांवर तोच झेड ड्राइव्ह. ड्राइव्हवर लाल फुली दिसली की हार्डवेअरवाल्याला फोन. परवानगी नाकारली जात असेल तर तोडगा ठरलेला: सगळ्या मशीनवर एकच अॅडमिनिस्ट्रेटर, एकच पासवर्ड. पाच मिनिटांत काम सुरू. ही सवय एकट्या सोलापूरची नाही. मोठमोठ्या कंपन्यांतही तीच होती.

१४ मार्च २०१७, मंगळवार. एसएमबी-१ मधलं भगदाड बुजवणारं अपडेट येतं, क्रमांक एमएस१७-०१०. जुनं विंडोज एक्सपी वापरणाऱ्या सर्वसामान्यांना ते मिळत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडे आणि आंबेडकर जयंती. ‘शॅडो ब्रोकर्स’ हा हॅकर गट एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडून चोरलेलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार सर्वांसाठी खुलं करतो. ते एसएमबी-१ मधल्या त्याच भगदाडातून, पोर्ट ४४५ वरून, म्हणजे शेअर केलेल्या ड्राइव्हच्याच वाटेनं, पासवर्ड न विचारता शिरतं. त्याच दिवशी युक्रेनमध्ये एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट निघतं. त्यात चोरदरवाजा आहे. कुणाच्या लक्षात येत नाही.

१२ मे, शुक्रवार. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम इटर्नलब्लू वापरून जगभर पसरतो. भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठच्या सुमारास मार्कस हचिन्स हा ब्रिटिश तरुण एक डोमेन नोंदवतो आणि प्रसार मंदावतो. लगेच एक्सपीलाही अपडेट मिळतं.

आता पुढच्या हल्ल्याला ४६ दिवस उरले आहेत. एसएमबी-१ बंद केलं तर जुना स्कॅनर फाइल पाठवत नाही, एक्सपीवरचा ड्राइव्ह उघडत नाही. काम अडतं, म्हणून बंद करणं लांबतं. शिवाय १ जुलैपासून जीएसटी आहे. हिशेबाच्या टेबलावर दुसरा विषय नाही.

२७ जून, मंगळवार, दुपारी २.२९, भारतीय वेळ. चोरलेल्या ओळखीनं कुणीतरी एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरचा ताबा घेतं.

२.४४. अपडेट मागणारे संगणक परस्पर दुसऱ्याच सर्व्हरकडे वळवले जाऊ लागतात. नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम बाहेर पडतो.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसा कार्यालयात एम.ई.डॉक एकाच संगणकावर होतं. तिथल्या वित्त अधिकाऱ्यानं ते बसवून मागितलं होतं. तेवढं पुरलं.

नॉटपेट्याकडे इटर्नलब्लू आहेच, शिवाय तो मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलतो. मग आजूबाजूचे संगणक शोधतो, प्रत्येकाच्या लपलेल्या अॅडमिन शेअरवर स्वतःची प्रत टाकतो आणि ती चालवतो. मार्चचं अपडेट घातलेली मशीनही त्यामुळे वाचत नाहीत: तिथे भगदाड नाही, पण पासवर्ड तोच आहे. दहा मिनिटांपासून तासाभरात मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. पडद्यावर ‘सी ड्राइव्हची दुरुस्ती सुरू आहे’ असा मजकूर येतो. दुरुस्ती खोटी असते. वीज तोडायची तर हाच क्षण; बहुतेक जण दुरुस्ती संपायची वाट पाहतात. नंतर ३०० डॉलरची मागणी येते. पैसे भरूनही काही परत मिळणार नसतं.

६.०१. अपडेट सर्व्हरवरची शेवटची वळवलेली जोडणी तुटते. ६.०३ ला मूळ मांडणी परत बसवली जाते. संसर्गाचा काळ एकूण सुमारे सव्वातीन तास.

मर्स्क समूहाच्या ७६ पैकी १७ टर्मिनलचं काम कोलमडतं. त्यांत एक न्हावा शेव्याचं आहे: तिथल्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया, तेव्हाची क्षमता वर्षाला १८ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनर. सोलापूरचे टॉवेल निर्यातीला निघतात ते बहुतांशी याच बंदराकडे. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या जहाजावर चढायचाय, हे सांगणारी यंत्रणा बंद. काम हातानं करायचा प्रयत्न होतो. ट्रक थांबून राहतात.

२८ जून, मध्यरात्रीनंतर १.१६. हल्लेखोर आपला सर्व्हर पुसून टाकतात.

पुढचे दहा दिवस. मर्स्क ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करते. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

१७ ऑक्टोबर २०१७. विंडोज १० ची नवी आवृत्ती येते. एंटरप्राइझ प्रकारात नव्यानं बसवलेल्या मशीनवर एसएमबी-१ नसतं; होम आणि प्रोवर त्याचा सर्व्हर नसतो, आणि क्लायंट पंधरा दिवस न वापरल्यास आपोआप निघून जातो. जुने ड्राइव्ह उघडेनासे होतात. खरा उपाय जुनं उपकरण एसएमबी-२ वर नेण्याचा, नाहीतर ते बदलण्याचा. पण कार्यालयांत दुसराच तोडगा तोंडोतोंडी फिरतो: कंट्रोल पॅनेल, विंडोज फीचर्स, एसएमबी १.० समोर टिक, रीस्टार्ट.