अवकल समीकरण प्रतिमानांचे स्वरूपांतरण

अवकल समीकरण प्रतिमानांचे स्वरूपांतरण : काळानुसार बदलणाऱ्या प्रणालीचे समीकरणरूप वर्णन (प्रतिमान) एका संगणकीय फाइल-स्वरूपातून दुसऱ्यात नेण्याची पद्धती. ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली यांनी १९५२ मध्ये मज्जातंतूतील विद्युत् आवेगाची समीकरणे मांडली. ती हक्सली यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर सोडविली. पुढे संगणक आले, तरी प्रतिमाने निरनिराळ्या संगणकीय भाषांत लिहिली जात. छापील लेखावरून ती पुन्हा उतरविताना चिन्हांच्या व एककांच्या चुका होत. यावर उपाय म्हणून २००१ मध्ये दोन सामाईक भाषांच्या पहिल्या आवृत्त्या निघाल्या : ऑक्लंड विद्यापीठात विकसित झालेली सेलएमएल आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाची एसबीएमएल.

सेलएमएलमध्ये समीकरणे व चलांची एकके थेट लिहितात. एसबीएमएलमध्ये मुख्यतः पदार्थ, विक्रिया व त्यांच्या त्वरा नोंदवितात. समीकरणे त्यांवरून तयार होतात. उलट दिशेने मात्र विक्रिया निश्चितपणे ओळखता येत नाहीत. ‘अ’चे ‘ब’मध्ये रूपांतर होणे आणि ‘अ’ नष्ट होत असता त्याच त्वरेने ‘ब’ स्वतंत्रपणे निर्माण होणे, या दोन्हींची समीकरणे एकच असतात. त्यामुळे आकडे जुळले, तरी स्वरूपांतरात मूळ यंत्रणेविषयीची माहिती लोप पावू शकते. म्हणून रूपांतरित फाइलीबरोबर मूळ फाइलही जतन करणे आवश्यक ठरते.