इंटरनेट दूरध्वनीचा अग्रक्रम (लहान कार्यालयातील)

इंटरनेटवरील संभाषणाची पॅकेट्स इतर माहितीच्या आधी पुढे पाठवण्याची राउटरमधील व्यवस्था. दौंड तालुक्यातील कुरकुंभ किंवा शिरूरमधील रांजणगाव औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या लहान कार्यालयात फोन, ई-मेल आणि बॅकअप एकाच जोडणीवर असतील, तर आवाज तुटू लागताच अधिक वेगाची जोडणी घेण्याचा विचार सुचतो. हिशेब वेगळे सांगतो. आवाज डिजिटल करण्याच्या जी.७११ पद्धतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. पाच संभाषणे १० मेगाबिटच्या जोडणीचा जेमतेम ४ टक्के भाग व्यापतात. खरी अडचण रांगेची आहे. मोठी फाइल अपलोड होताना रांग भरते आणि आवाज तिच्यामागे खोळंबतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) जी.११४ शिफारशीनुसार एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असणे इष्ट. फाइल उशिरा पोहोचली तरी चालते. उशिरा आलेला शब्द वाया जातो.

वेग वाढवला तरी बॅकअप तोही व्यापू शकतो. म्हणून फोनच्या पॅकेट्सवर ४६ ही डीएससीपी खूण (अग्रक्रम सांगणारा आकडा) करून त्यांना स्वतंत्र रांग द्यावी आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा किंचित कमी ठेवावी; मग रांग आपल्याच राउटरमध्ये, आपल्या नियंत्रणात राहते. बाहेरच्या इंटरनेटवर ही खूण पाळली जाईलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु कोंडी बहुधा कार्यालयातून बाहेर पडतानाच होते. नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सर्व माहितीला समान वागणूक देण्याच्या तत्त्वांचा भंग होतो, हा आक्षेप मात्र टिकत नाही. भारतात २०१८ मध्ये स्वीकारलेली ती तत्त्वे सेवापुरवठादारांसाठी आहेत. स्वतःच्या जाळ्यातील क्रम कार्यालयानेच ठरवायचा असतो.