नाव कोणाचं? डीप पर्पलची बदलती माणसं

आज आपण एका इंग्लिश रॉक बँडचा इतिहास पाहणार आहोत. सुरुवात मात्र त्याच्या जन्मापासून न करता एका खटल्यापासून करू.

१९८० साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ‘डीप पर्पल’ या नावाने कार्यक्रम होत होते. खरं तर हा बँड १९७६ मध्येच मोडला होता. स्टेजवरच्या पाच जणांत जुना माणूस एकच, रॉड इव्हान्स. हा १९६८ सालचा पहिला गायक. बाकी चौघांचा या बँडशी कधी संबंधच आला नव्हता. मूळ बँडच्या व्यवस्थापनाने वर्तमानपत्रात जाहिराती देऊन लोकांना सावध केलं आणि दावाही लावला. ऑक्टोबर १९८० मध्ये निकाल लागला. नुकसानभरपाई आणि दंड मिळून ६ लाख ७२ हजार डॉलर! शिवाय पहिल्या तीन अल्बमवरची रॉयल्टी इव्हान्सने गमावली. त्यानंतर तो लोकांच्या नजरेआड गेला तो गेलाच.

आता दुसरं चित्र बघा. २०२४ मध्ये डीप पर्पलचा नवा अल्बम आला. तो करणाऱ्या पाच जणांतही १९६८ सालचा माणूस एकच आहे, ड्रमर इयान पेस. म्हणजे हिशेब तोच, पाचात एक. मग एका पाच जणांना न्यायालय, आणि दुसऱ्या पाच जणांना टाळ्या, असं का?

कायद्याचं उत्तर सोपं आहे. नावाचा हक्क ज्या कंपनीकडे होता तिने इव्हान्सला परवानगी दिली नव्हती. पण कायदा आपल्याला मालक कोण एवढंच सांगतो. लोक पन्नास-पन्नास वर्षं एखाद्या नावावर विश्वास का ठेवतात, हे तो सांगत नाही. त्यासाठी इतिहासात शिरावं लागतं.

गंमत अशी की या बँडची मूळ कल्पनाच माणसं बदलण्याची होती. १९६७ मध्ये ‘द सर्चर्स’ या गटाचा माजी ड्रमर ख्रिस कर्टिस लंडनमधल्या टोनी एडवर्ड्स या व्यावसायिकाकडे गेला आणि त्याने एक योजना मांडली. गटाचं नाव ‘राउंडअबाउट’, म्हणजे जत्रेतली गोल फिरणारी चक्री. वादकांनी चढावं, दोन फेऱ्या घ्याव्यात, उतरावं. चक्री फिरत राहील. एडवर्ड्सने भागीदार जमवून पैसे घातले. पहिला आला ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं शिक्षण घेतलेला. मग हॅम्बुर्गहून बोलावलेला गिटारवादक रिची ब्लॅकमोर. आणि चक्रीवरून सगळ्यात आधी उतरला कोण? स्वतः कर्टिस!

१९६८ च्या सुरुवातीला हर्टफर्डशरमधल्या डीव्ज हॉल नावाच्या जुन्या घरात तालमी झाल्या. बासवर निक सिंपर आला, आणि ‘द मेझ’ या गटातून इव्हान्स व पेस आले. ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून नाव ठरलं, डीप पर्पल. त्याच वर्षी ‘हश’ हे त्यांचं गाणं अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. गाणं मूळचं जो साउथ याचं, पण गळा इव्हान्सचा. तेव्हा ‘पहिला गायक’ म्हणजे कोणी ऐरागैरा होता असं समजू नका. बँडला पहिलं यश याच आवाजावर मिळालं.

पण लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेस यांना आणखी जड, आणखी मोठ्या आवाजाचं संगीत हवं होतं. १९६९ च्या जूनमध्ये त्यांनी ‘एपिसोड सिक्स’ या गटातून इयान गिलन हा गायक आणि रॉजर ग्लोव्हर हा बासवादक घेतला. हे झालं कसं, ते पाहण्यासारखं आहे. दिवसा पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलच्या सामाजिक सभागृहात नव्या पाच जणांची तालीम. आणि ठरलेल्या कार्यक्रमांत जुनेच पाच जण. आपली जागा गेली आहे, याचा इव्हान्स आणि सिंपरला पत्ताही नव्हता. सिंपरने पुढे दावा करून एकरकमी पैसे घेतले आणि रॉयल्टीवर पाणी सोडलं. इव्हान्सने रॉयल्टी राखली. तीच अकरा वर्षांनी त्याच्या हातून गेली.

बँडचे चाहते प्रत्येक संचाला क्रमांक देतात: मार्क १, मार्क २, वगैरे. इंग्रजीत यंत्रांच्या आवृत्त्यांना असे क्रमांक असतात, तसेच. आपणही तेच वापरू.

मार्क २ पहिल्या खेपेला टिकला जेमतेम चार वर्षं. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डने लिहिलेली कॉन्चेर्तो त्यांनी रॉयल फिलहार्मनिक वाद्यवृंदाबरोबर सादर केली. १९७० मध्ये ‘इन रॉक’ आला आणि बँडची ओळखच बदलली. डिसेंबर १९७१ मध्ये रेकॉर्डिंगसाठी ते स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावी गेले. ४ डिसेंबरला तिथल्या कॅसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना कुणीतरी छताच्या दिशेने फ्लेअर गन उडवली आणि कॅसिनो जळून खाक झाला. रेकॉर्डिंग व्हायचं होतं ते त्याच इमारतीत. शेवटी हिवाळ्यात बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलात, बाहेर उभ्या केलेल्या फिरत्या स्टुडिओच्या मदतीने ‘मशीन हेड’ तयार झाला. तळ्यावर पसरलेल्या त्या धुरावर एक गाणं झालं, ‘स्मोक ऑन द वॉटर’. आपल्याकडेही गिटार हातात घेतलेला पोरगा पहिल्या आठवड्यात जे सूर छेडतो, ते याच गाण्याच्या सुरुवातीचे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत झालेल्या तीन कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ‘मेड इन जपान’ या नावाने निघालं. ते ऐकताना या संगीताची रचना लक्षात येते. स्टुडिओत साडेचार मिनिटांत संपणारं ‘स्पेस ट्रकिन’ इथे वीस मिनिटांच्या आसपास जातं. गाण्याचा सांगाडा पक्का, पण मधली जागा मोकळी. लॉर्डने हॅमंड ऑर्गन थेट मार्शलच्या गिटार अँप्लिफायरला जोडला होता, त्यामुळे ऑर्गन गिटारसारखा गुरगुरतो. मग दोघांचे सवालजवाब चालतात आणि पेस खालून लय धरून ठेवतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल. बंदिश ठरलेली, विस्तार ज्याचा त्याचा. साम्य तेवढंच हं. इथे गुरू-शिष्य नाहीत, करारपत्रं आहेत. पण ज्या रचनेत मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते, तिथे नवा माणूस नक्कल न करता आत येऊ शकतो. आमच्या मते हा बँड टिकण्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण, प्रत्येक बदलात कोणीतरी मागे थांबलेलं असे. १९७३ च्या जूनमध्ये गिलन आणि ग्लोव्हर गेले. त्यांच्या जागी आले डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज. कव्हरडेल इंग्लंडच्या ईशान्येला रेडकार गावात कपड्यांच्या दुकानात काम करत होता. टेप पाठवली, निवड झाली. १९७४ मध्ये ‘बर्न’ आला आणि एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया जॅममध्ये हा पोरगा लाखोंच्या गर्दीपुढे गात होता. नवे दोघे होते, पण ऑर्गन, गिटार आणि ड्रम जुनेच होते. लोकांनी मार्क ३ स्वीकारला.

मात्र नुसतं कोणीतरी मागे राहिलं म्हणजे झालं, असंही नाही. ह्यूज आणि कव्हरडेल यांच्या फंक आणि सोलकडे झुकणाऱ्या गाण्यांना कंटाळून १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला आणि त्याने ‘रेनबो’ काढला. त्याच्या जागी अमेरिकन टॉमी बोलिन आला. ‘कम टेस्ट द बँड’ हा अल्बम चांगला आहे, आम्ही तो मुद्दाम ऐकायला सांगू. पण स्टेजवर हाल झाले. प्रेक्षकांना ब्लॅकमोरच हवा होता. बोलिन अमली पदार्थांच्या आहारी गेलेला. टोकियोच्या कार्यक्रमात त्याचा डावा हात नीट चालेना. मार्च १९७६ मध्ये लिव्हरपूलला शेवटचा कार्यक्रम झाला. कव्हरडेल राजीनामा द्यायला गेला तर लॉर्ड आणि पेस यांनी आधीच बँड संपवायचं ठरवलेलं! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोलिन मायामीत गेला, वय अवघं २५. चक्री फिरत राहते हे खरं, पण उतरणारा प्रत्येक जण सुखरूप उतरतो असं नाही.

म्हणजे १९८० साली इव्हान्सने नाव उचललं ते बंद पडलेल्या दुकानाच्या पाटीसारखं. पण त्याच्या मागे काय होतं? लोक तिकीट काढत होते ते मुख्यतः १९७० ते १९७४ मधल्या गाण्यांसाठी. ती सगळी तो गेल्यानंतरची. ती गाणी ज्यांनी घडवली त्यांतला एकही माणूस स्टेजवर नव्हता. नव्या चौघांना बरोबर वाजवून शिकवणारं कोणी नव्हतं. पाचात एक हा हिशेब जमला, पण ती नुसती आकड्यांची बरोबरी झाली.

१९८४ मध्ये मार्क २ पुन्हा एकत्र आला, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ निघाला. सगळं सुरळीत झालं म्हणता? छे. १९८९ मध्ये गिलनला काढलं, रेनबोमधला जो लिन टर्नर आला. १९९२ मध्ये गिलन परत. नोव्हेंबर १९९३ मध्ये दौरा अर्धवट टाकून ब्लॅकमोर कायमचा गेला. जपानचे कार्यक्रम तोंडावर होते, तेव्हा जो सात्रियानी धावून आला. १९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स आला आणि २०२२ पर्यंत राहिला. पत्नीच्या आजारपणामुळे तो थांबला, तेव्हा सायमन मॅकब्राइड आला. आता बेरीज करा: ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळून सोळा-सतरा वर्षं, मोर्सची अठ्ठावीस. ज्याला आपण ‘नवा’ म्हणत राहिलो, तोच जास्त जुना निघाला.

जागा सोपवणं कसं असावं, हे २००२ साली दिसतं. आदल्या वर्षी गुडघ्याच्या दुखण्यामुळे लॉर्डला थांबावं लागलं तेव्हा डॉन एअरीने त्याची जागा सांभाळली होती. एअरी आणि ग्लोव्हर पूर्वी रेनबोमध्ये एकत्र वाजवत होते, म्हणजे तोही अगदी परका नव्हता. २००२ मध्ये लॉर्डने निरोप घेतला आणि ती जागा एअरीकडे गेली. भांडण नाही, खटला नाही. लॉर्ड २०१२ मध्ये वारला. ऑर्गन आणि गिटारचे सवालजवाब त्याच्यामागे चालू राहिले.

तर आमचं म्हणणं थोडक्यात असं. बँड म्हणजे नुसती माणसं नव्हेत, तसंच नुसतं नावही नव्हे. वाजवण्याची एक रीत असते, आणि ती शेजारी बसून, बरोबर वाजवून पुढे जाते. सात्रियानी धरून पंधरा माणसं या बँडमध्ये येऊन गेली, पण साखळीचा एक तरी दुवा कायम होता. तो दुवा म्हणजे पेस. प्रत्येक संचात तो आहे.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण जिंकलेल्यांचाच इतिहास सांगितला असं होईल. इव्हान्सने १९८० मध्ये केलं ते चूकच. लोकांची फसवणूक झाली. तरीही १९६९ च्या त्या चोरून केलेल्या तालमी विसरता येत नाहीत. साखळी ज्यांनी राखली, त्यांनीच दोन दुवे न सांगता तोडले होते. १९८८ मध्ये बँडने ‘हश’ पुन्हा रेकॉर्ड केलं, गिलनच्या आवाजात. मूळ गाणं मात्र आजही इव्हान्सच्याच आवाजात ऐकलं जातं. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डीप पर्पलच्या आठ जणांचा सन्मान केला, त्यांत इव्हान्सचं नाव होतं. तो आला नाही. सिंपर, बोलिन, मोर्स आणि एअरी यांची नावं तर यादीतच नव्हती. नावाचा वाटा कोणाला किती, हे न्यायालयाने एकदा ठरवलं, सन्मान देणाऱ्यांनी दुसऱ्यांदा ठरवलं, आणि दोन्ही हिशेब सारखे आले नाहीत.

घरी गेल्यावर तीन गोष्टी ओळीने ऐका, एवढीच विनंती. १९६८ चं ‘हश’, १९७२ चं ‘मेड इन जपान’ आणि मोर्स आल्यानंतरचा १९९६ चा ‘पर्पेंडिक्युलर’. गायक आणि गिटार यांच्याकडे कान आपोआप जातो. या वेळी तो ड्रमवर ठेवा. काय काय बदललं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आता प्रश्न घेऊ.