एचआयव्ही आणि अंगावरचे दूध : सल्ला का बदलला?

एचआयव्ही असलेल्या आईने बाळाला अंगावर पाजू नये, असे आमच्या पैठण परिसरात आजही ऐकू येते. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. त्यामागे कारण होते.

1985 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका आईची नोंद प्रसिद्ध झाली. तिला प्रसूतीनंतर दिलेल्या रक्तातून लागण झाली होती, तरी बाळही बाधित निघाले. म्हणजे विषाणू दुधातून जाऊ शकतो. श्रीमंत देशांत मग डब्याचे दूध सुरू झाले.

आपल्याकडे वरचे दूध किती सुरक्षित होते? पुण्याच्या ससून रुग्णालयातील अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. एचआयव्हीबाधित मातांच्या 148 बाळांपैकी 21 बाळांना पहिल्या सहा महिन्यांत भरती करावे लागले. ही सर्व 21 बाळे वरच्या दुधावर होती, मुख्यतः गाय, म्हैस किंवा शेळीचे पाणी घातलेले दूध. जुलाब आणि न्यूमोनिया ही त्यांतली मुख्य कारणे. एक धोका टाळताना दुसरा ओढवत होता.

त्याआधी, 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा अंगावरचे आणि वरचे दोन्ही घेणाऱ्या बाळांत लागण जास्त होती. वरच्या अन्नपाण्याने आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होऊन विषाणूला वाट मिळत असावी.

खरा बदल औषधांनी घडवला. पुणे, इथिओपिया आणि युगांडा येथील, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्तनपान करणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन दिले. एकाच मात्रेच्या तुलनेत सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण सुमारे निम्म्यावर आली. जानेवारी 2014 पासून भारतात गरोदर व स्तनदा बाधित मातांना, सीडी4 कितीही असला तरी, आजीवन एआरटी देण्याचे धोरण आले.

म्हणून आजचा सल्ला असा : आईने एआरटीची एकही गोळी चुकवू नये, बाळाचे औषध व तपासण्या वेळेवर कराव्यात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. घुटी, मध, साखरपाणी, साधे पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र चालतात. चुकून काही पाजले गेले, तर घाबरून अंगावरचे बंद करू नका, एआरटी केंद्रात विचारा. सहा महिन्यांनंतर वरचा आहार सुरू करावा. दूध कधी तोडायचे तेही तिथेच ठरवावे.

आणि घरातल्या आजींनी एवढे करावे : घुटीची वाटी बाजूला ठेवून सुनेच्या गोळीची वेळ लक्षात ठेवावी.