खुबा आणि पाट

खुब्याचा सांधा बदलून आजी अंबरनाथ पश्चिमेतल्या घरी परततात. पहिली अडचण येते पाटावर बसण्याची. उकिडवे बसू नका, खाली वाकू नका, असे डॉक्टरांनी बजावलेले असते. असे का? याचे उत्तर इतिहासात सापडते.

इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनची वाटी वापरायला सुरुवात केली. ती निसरडी खरी, पण काही वर्षांतच झिजली. १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलीनची वाटी बसवली आणि ती टिकली. घर्षण कमी व्हावे म्हणून धातूचा गोळा ठेवला सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे नैसर्गिक गोळ्याच्या जेमतेम निम्मा.

मातीचे एक लहान व एक मोठे गोळे करून सारख्याच जाडीच्या काड्यांवर बसवा आणि आपापल्या मापाच्या वाटीत फिरवून पाहा. लहान गोळ्याची काडी काठाला लवकर टेकते. आणखी वळवली की गोळा उचकटतो. खुबा काटकोनापलीकडे वाकला की असेच होऊ शकते.

चार्नलींच्या देशात खुर्ची घरोघरी होती. आपले जेवण, न्हाणी, शौचकूप सारे जमिनीलगत. म्हणून भोवतालच्या ऊती भरून येईपर्यंत उंच खुर्ची व कमोड हेही औषधच. आता गोळे मोठे आले आहेत, बंधनेही सैल होत आहेत. पण ती किती, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.