शिकवणाऱ्या विमानाची गोष्ट

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. त्या दिवशी आपल्या वरठीच्या ग्रुपवर सॅल्यूटचे फोटो नुसते ओतू जात होते. मीही एक टाकला. संध्याकाळी भंडारा रोड स्टेशनबाहेर चहा घेत होतो, तिथं ओळखीच्या घरातली एक पोरगी भेटली. एनडीएच्या परीक्षेची तयारी करते. म्हणाली, "काका, मिग तर गेलं. मी सिलेक्ट झाले तर मला पहिलं विमान कोणतं देतील?"

मी म्हटलं, "पिलाटस."

"ते फायटर आहे?"

"नाही, शिकाऊ विमान आहे."

पोरीचा चेहरा जरासा उतरला. घरी येऊन विचार केला, की यावर सविस्तर लिहायलाच पाहिजे. आपण सगळे लढाऊ विमानांची नावं पाठ करतो, पण ज्या विमानावर पायलट घडतो त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. आणि त्या विमानाकडे देशानं दुर्लक्ष केलं तेव्हा त्याची किंमत तरुण पोरांनी मोजली आहे.

आधी एक साधी गोष्ट. आपण सायकल कशी शिकलो? आधी दांड्याखालून पाय घालून कैची, मग दांड्यावर, मग सीटवर. त्यानंतर कधीतरी मोटरसायकल. मधल्या पायऱ्या गाळून कोणी पोराला थेट सनफ्लॅगच्या गेटवरचा भरलेला ट्रेलर चालवायला देत नाही. विमानाचंही तेच आहे.

चांगल्या शिकवणाऱ्या विमानाचे गुण कोणते? पहिला गुण, ते चूक पोटात घालतं. शिकणाऱ्याचा हात जरा चुकला तर लगेच जीव घेत नाही, सावरायला वेळ देतं. दुसरा, मास्तर आणि विद्यार्थी दोघांकडेही पूर्ण कंट्रोल असतात, मास्तर कोणत्याही क्षणी विमान हातात घेऊ शकतो. तिसरा, ते मुद्दाम गिरकीत टाकता येतं आणि सांगितलं की बाहेरही येतं. एका पंखाची उचल गेली की विमान गरगरत खाली येतं, त्यातून सुटायचं कसं हे हातानं केल्याशिवाय कळत नाही. चौथा, ते रोज उडण्याइतकं स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं असतं. आणि पाचवा, ते अगदीच सोपंही नसतं. फार लाड करणाऱ्या विमानावर पायलट शिकत नाही.

आता इतिहासाकडे या. स्वतंत्र भारतानं स्वतः आखलेलं पहिलं इंजिनाचं विमान कोणतं? ते फायटर नव्हतं. ते होतं एचटी-२, दोन जणांचं, शिकवण्यासाठीच बनवलेलं. ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरला ते पहिल्यांदा उडालं. ते आखणारे डॉ. विष्णु माधव घाटगे आपले मराठी, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी विमानविद्या शिकली होती. हवाई दलाच्या पोरांनी तीन दशकं या एचटी-२ वर पहिले धडे गिरवले. पुढे किरण हे जेट ट्रेनरही घाटगेंच्याच देखरेखीखाली तयार झालं, ४ सप्टेंबर १९६४ ला उडालं. त्यात मास्तर आणि विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. विद्यार्थ्याचा हात कुठं चाललाय, चेहऱ्यावर घाम आलाय का, हे मास्तरला दिसतं.

म्हणजे सुरुवात चांगली होती. शिडीच्या खालच्या पायऱ्या आपणच बनवल्या होत्या. घोळ झाला वरच्या पायरीचा.

किरण संथ आणि समजूतदार विमान. मिग-२१ आवाजाच्या दुप्पट वेगाचं. उतरतानासुद्धा ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवावा लागतो, जरा कमी झाला की विमान खाली बसायला लागतं. किरणवरून उतरलेलं पोर थेट मिगवर चढवायचं म्हणजे कैचीवरून ट्रेलर. मिगचं दोन सीटचं विमान होतं, पण मागं बसलेल्या मास्तरला समोरचं नीट दिसतही नसे, धावपट्टी बघायला आरशांचा पेरिस्कोप लावावा लागे. मधे एक विमान हवं होतं, वेगवान पण समजूतदार. त्याला म्हणतात ॲडव्हान्स्ड जेट ट्रेनर.

हे कळलं नव्हतं असं नाही. अपघात वाढले म्हणून एअर मार्शल ला फॉन्टेन यांच्या समितीनं १९८२ सालीच सांगितलं होतं, की असं विमान घ्या. ते घ्यायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली सप्टेंबर २००३ मध्ये. मोजा. एकवीस वर्षं! या काळात सरकारं बदलली, फायली फिरल्या, किमतीवर घासाघीस झाली. आणि दरवर्षी नवीन बॅच तेजपूरला जाऊन जुन्या मिग-२१ वरच फायटर उडवायला शिकत राहिली.

२०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत हिशेब दिला. एकूण ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातात गेली. १७१ पायलट गेले. जमिनीवरचे ३९ नागरिक गेले. या सगळ्याला ट्रेनर नसणं हेच एक कारण होतं असं मी म्हणत नाही. जुनी यंत्रं होती, सुटे भाग होते, पक्षी होते, माणसाच्या चुकाही होत्या. पण शिडीची एक पायरी गायब आहे हे माहीत असून एकवीस वर्षं पोरांना वर चढवत राहणं, याला काय म्हणायचं?

पुण्याच्या कविता गाडगीळ यांनी हाच प्रश्न जाहीरपणे विचारला. त्यांचा मुलगा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला मिग-२१ च्या अपघातात गेला. तो शिकाऊ नव्हता, तयार पायलट होता. पण त्या आणि त्यांचे पती गप्प बसले नाहीत. विमानांच्या आणि प्रशिक्षणाच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी मुलाच्या नावानं संस्था काढली. एका आईला हे करावं लागलं, हे विसरता कामा नये.

अखेर फेब्रुवारी २००८ मध्ये सीमाभागातल्या आपल्या बीदरला हॉक विमानं दाखल झाली. वरची पायरी बसली.

आणि लगेच खालची तुटली! एचटी-२ नंतर आलेलं एचपीटी-३२ 'दीपक' हे पहिल्या धड्याचं विमान. त्याचं इंजिन हवेतच बंद पडायचं, आणि त्यात इजेक्शन सीट नव्हती. १७ अपघातांत १९ पायलट गेले. ३१ जुलै २००९ ला मेदक जिल्ह्यात दोन अनुभवी प्रशिक्षक गेले, तेव्हा कुठं ते उडवणं थांबलं. मग चार वर्षं नवख्या पोरांना पहिला धडा थेट किरण जेटवर द्यावा लागला. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-७ आलं, ७५ विमानं. त्यात इजेक्शन सीट आहे आणि इंजिन भरवशाचं आहे. आपल्या नागपूरची अंतरा मेहता २०२० साली फायटर पायलट म्हणून निवडली गेली, तिचे पहिले धडे दुंडिगलला याच विमानावर झाले.

मधली पायरी अजून म्हातारीच आहे. किरणची जागा घ्यायला बनवलेलं सितारा २००३ साली उडालं, पण गिरकीतून बाहेर येण्याच्या परीक्षेत अडकलं. वर सांगितलेला तिसरा गुण आठवा. बावीस वर्षं झाली, साठच्या दशकातलं किरण अजून पोरं शिकवतंय.

आता चांगली बातमी. एचएएलनं स्वतःचे पैसे घालून एचटीटी-४० नावाचं ट्रेनर बनवलं. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा ६,८३८ कोटींचा करार झाला. १७ ऑक्टोबर २०२५ ला त्याची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली, ती आपल्या नाशिकजवळच्या ओझरला. त्या दिवशी सगळ्या चॅनेलवर तेजस दिसलं, कारण तेही त्याच दिवशी तिथून उडालं. एचटीटी-४० ला कोणी विचारलं नाही. ज्या ओझरनं मिग-२१ बांधली, तिथंच आता पहिला धडा देणारं विमान बांधलं जातंय, ही माझ्या मते त्या दिवसाची मोठी बातमी होती.

म्हणून एक विनंती. फायटर किती आले हे विचारा, जरूर विचारा. पण सोबत हेही विचारा, की ती ७० विमानं ठरल्या वेळेत मिळतायत का, आणि किरणच्या जागी काय येणार आहे. आपल्या खासदारांना विचारा. वरठीत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी आपलीच आहेत, उद्या त्यातलंच कोणी त्या सीटवर बसेल.

आणि त्या पोरीला सांगायचं राहिलं. बाई, 'शिकाऊ विमान' हा शब्दच चुकीचा आहे. शिकाऊ तू असशील, विमान मास्तर असतं. आणि चांगला मास्तर मिळणं हे नशिबावर सोडायची गोष्ट नव्हे.